बाईंना रिक्वेस्ट पाठवू का?

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत. 1924 ते 1930 अशी सहा वर्षे ते तिथे शिक्षक होते. तास संपला, मुले वसतिगृहात परतली, तरी गुरुजींचे त्यांच्याशी बोलणे संपत नसे. जे वर्गात सांगता आले नाही ते कागदावर उतरे आणि मुलांच्या हाती जाई. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. शाळेची घंटा झाल्यावरही मुलांशी जोडलेले राहावे ही शिक्षकाची ओढ मोबाइलच्या किती आधीची आहे, हे यावरून दिसते.

हे सुरुवातीलाच सांगायचे कारण असे, की शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर एकमेकांशी जोडले जावे का, हा विषय निघाला की बोलणे लगेच दोन गटांत वाटले जाते. एक गट म्हणतो, मुले जिथे आहेत तिथे शिक्षकाने जायलाच हवे. दुसरा म्हणतो, शिक्षकाचे काम वर्गात, फोनवर काय? दोन्ही गटांत मुलांविषयी कळकळ असलेली माणसे आहेत. मला मात्र 'छात्रालया'तली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते दैनिक सगळ्यांसाठी होते. गुरुजी एका मुलाला उद्देशून काही लिहीत असतील, तरी शेजारच्या खाटेवरचा मुलगाही ते वाचू शकत होता. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या प्रश्नावर जगात आणि आपल्याकडे जे घडले, जे नियम झाले आणि मोडले, ते वाचताना माझ्या मनात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला: हे बोलणे आणखी कोणाला दिसते आहे?

'सोशल मीडियावर जोडलेले' या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र कोंबतो. पहिली म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. दुसरी, इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर एकमेकांना फॉलो करणे, म्हणजे एकमेकांच्या घरात डोकावणे. तिसरी, एकाने एकाला केलेला खासगी मेसेज. पहिली आज जवळपास अटळ आहे, दुसरी बहुतेक वेळा अनावश्यक आहे, आणि तिसरीत सगळ्यात वाईट आणि सगळ्यात मोलाचे असे दोन्ही घडते. तिन्हींना एकच नियम लावायला गेले की तो नियम टिकत नाही.

आपल्याकडे पहिली गोष्ट रुजली ती मार्च 2020 नंतर. त्याआधीही शहरांतल्या शाळांचे ग्रुप होते, पण टाळेबंदीने ते वाडीवस्तीपर्यंत नेले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही अभ्यासमाला सुरू केली. तिच्या लिंका जिल्ह्याकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून शिक्षकाकडे आणि शिक्षकाकडून पालकांच्या ग्रुपवर अशा ओघळत खाली येत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये 'स्वाध्याय' हा उपक्रम आला. त्यात मुलांनी व्हॉट्सॲपवरच दर आठवड्याला प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. घर जळत असताना पाणी कोणत्या विहिरीचे हे कोणी विचारत नाही. त्यामुळे या जोडणीच्या मर्यादा काय असाव्यात, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पुढे शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या. ग्रुप मात्र तसेच राहिले आणि तो प्रश्नही विचारायचा राहून गेला.

इथे महाराष्ट्रातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी परदेशी चर्चेत सापडत नाही. आपल्याकडे 'विद्यार्थ्याचा नंबर' हा बहुधा विद्यार्थ्याचा नसतोच. तो बापाचा असतो आणि बापाबरोबर शेतावर, गॅरेजवर, कारखान्यावर जातो. संध्याकाळी तो घरी आला की पोरगी फोन मागते, गृहपाठाचा फोटो उघडते आणि चार्जिंग संपायच्या आत वहीत उतरवून घेते. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर 2024' या ग्रामीण भारताच्या पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या 82.2 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 36.2 टक्के, तर मुली 26.9 टक्के. आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला म्हणणारे 76 टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे ठाऊक असलेली 62 टक्के, आणि आपले प्रोफाइल खासगी कसे ठेवायचे हे ठाऊक असलेली 55.2 टक्के.

म्हणजे फोन हातात आला, कडी कशी लावायची हे मात्र दहांतल्या चार मुलांना माहीत नाही. मुलगे आणि मुली यांच्यातला नऊ टक्क्यांचा फरकही साधा नाही. मुलीचा मेसेज वाचणारा पहिला माणूस पुष्कळदा तिचा भाऊ असतो. त्यात तिला संरक्षण आहे, आणि तिचा कोंडमाराही आहे. या लेखाच्या शेवटी मी पुन्हा तिथे येणार आहे.

जोडलेले राहण्याच्या बाजूने आपल्याकडे सगळ्यात बळकट पुरावा आहे तो ऊसतोडीचा. दिवाळीनंतर बीड, नगर, जालन्याकडची कुटुंबे बैलगाड्या-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. त्यांची मुले हंगामी वसतिगृहात राहतात, आजी-आजोबांकडे राहतात, नाहीतर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आईबापांबरोबर जातात. जे मूल उसाच्या फडावर गेले त्याचे नाव हजेरीपटावर असते, मूल मात्र तीनशे किलोमीटर दूर. अशा मुलाशी गावातल्या गुरुजींनी फोनवरून धागा टिकवला, आठवड्याला दोन गणिते धाडली, 'परत आलास की इथून पुढे करू' एवढे म्हटले, तरी मार्च-एप्रिलमध्ये ते मूल शाळेच्या फाटकातून आत येण्याची शक्यता वाढते. असे गुरुजी आहेत. कुठलाही नियम करताना पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहावे. त्यांचे हात बांधणारा नियम चुकीचा.

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण या प्रश्नावरची सगळ्यात बोलकी गोष्ट मिसुरी राज्यात घडली. जुलै 2011 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी 'एमी हेस्टर विद्यार्थी संरक्षण कायद्या'वर सही केली. शाळकरी वयात शिक्षकाकडून अत्याचार सोसलेल्या एका स्त्रीचे नाव या कायद्याला दिले होते. त्यातल्या एका कलमाने, विद्यार्थ्याशी इतरांना न दिसणारा संपर्क ठेवता येईल अशी शाळेच्या कामाबाहेरची संकेतस्थळे वापरायला शिक्षकांना मनाई केली. विद्यार्थी म्हणजे आजचे, आणि शाळा सोडून गेलेले पण अजून अज्ञान असलेलेसुद्धा. फेसबुकवर खासगी संदेश पाठवता येतो, म्हणजे फेसबुकच बंद, असा त्याचा अर्थ निघत होता. शिक्षकांची संघटना न्यायालयात गेली. कायदा 28 ऑगस्टला लागू व्हायचा होता. 26 तारखेला न्यायाधीशांनी त्या कलमाला स्थगिती दिली. या कलमाच्या धास्तीने शिक्षकांचे भाषणस्वातंत्र्य गोठून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ज्या शिक्षकांची मुले विद्यार्थी आहेत त्यांनी स्वतःच्या मुलांशी या माध्यमांतून बोलणेही या शब्दांत बेकायदा ठरत होते. ऑक्टोबरपर्यंत विधिमंडळाने ते कलम मागे घेतले आणि प्रत्येक शाळा-जिल्ह्याने आपले धोरण आपण ठरवावे, अशी तरतूद केली.

चर्चा सगळी त्या फेसबुकच्या कलमाची झाली. पण कायदा जिच्या नावाचा, तिच्यावरचा अत्याचार फेसबुक जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा होता. त्या कायद्याचा खरा कणा वेगळाच होता: ज्या शिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा ठपका आला त्याला गुपचूप राजीनामा देऊन दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊ द्यायचे नाही, नव्या शाळेला ती माहिती द्यायची. तो भाग टिकला. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना धोका ज्या गोष्टीतून होतो ती गोष्ट म्हणजे झाकपाक. ॲप हे तिचे एक साधन, आणि झाकपाक करायला ॲप लागतेच असे नाही.

आपण हे बदलापूरला पाहिले. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला, तिथे कुठले समाजमाध्यम नव्हते. शाळेच्या आवारातला कर्मचारी होता, आणि तक्रार घेऊन आलेल्या पालकांना ताटकळत ठेवणारी माणसे होती. 20 ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि गुन्हा कळूनही न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हा नोंदला गेला. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी 'सखी सावित्री' समिती असावी, असा शासन निर्णय 2022 सालीच निघालेला होता. बदलापूरनंतर ती किती शाळांत खरोखर बसते, हा प्रश्न सर्वांना पडला. तेव्हा 'मोबाइलमुळे सगळे बिघडले' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की तुमच्या शाळेतल्या त्या समितीच्या सदस्यांची नावे तुम्हाला माहीत आहेत का?

न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने मिसुरीपासून धडा घेतल्यासारखे 2012 साली मार्गदर्शक नियम केले. बंदी नाही. शिक्षकाची वैयक्तिक खाती आणि कामाची खाती वेगळी. वैयक्तिक खात्यावर विद्यार्थ्यांना मित्र करायचे नाही. वर्गासाठी पान काढायचे तर वरिष्ठांना सांगून आणि पालकांची संमती घेऊन. आज जगातल्या बऱ्याच शाळांची धोरणे याच साच्यातली आहेत, आणि तो साचा मला मूलतः बरोबर वाटतो.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 2013 मध्ये त्याहून कडक वळण घेतले, पण कारण पूर्ण निराळे होते. शाळेच्या कामासाठी फेसबुकसारखी माध्यमे वापरायची नाहीत, कारण मुलांची माहिती परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर साठते आणि ते माहिती-संरक्षणाच्या नियमांत बसत नाही. वर्गात ही माध्यमे हा शिकवण्याचा विषय म्हणून घ्यायला मुभा होती. शिक्षकाच्या चारित्र्याची शंका त्यात नव्हतीच. आपल्याकडे हा विचार उशिरा, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याबरोबर आला. त्या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे, त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातेच नाही असे ठरवले, संदेशांची ॲप त्यातून वगळून. तिथे दहावीपर्यंतच्या बहुतेक मुलांपुरता 'फॉलो करावे का' हा प्रश्न उरलाच नाही.

माहिती संरक्षणाच्या बाबतीत आपले वर्गाचे ग्रुप किती उघडे आहेत, हे बघण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडायला नको. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. सातवी 'ब'च्या ग्रुपवर पन्नास-साठ घरांचे नंबर, डीपीवरचे चेहरे, कोणाचा वाढदिवस कधी हे सगळे, ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही अशा लोकांसमोर मांडलेले असते. एखाद्या आईला रात्री अनोळखी 'हाय' येते, त्याचा माग अशा एखाद्या ग्रुपपर्यंत जातो. यावर उपाय फोनमध्येच आहेत. फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय 2018 पासून आहे. 2022 मध्ये आलेल्या 'कम्युनिटी'च्या घोषणांच्या गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पाच मिनिटांचे काम आहे. ते अजून किती शाळांनी केले आहे?

ग्रुप ॲडमिन असलेल्या शिक्षकांची एक भीती मात्र रास्त नाही, तिचा खुलासा करून टाकते. ग्रुपवर कोणी आक्षेपार्ह काही टाकले तर ॲडमिन तुरुंगात जाईल, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की दोघांनी आधी संगनमत केले नसेल तर सदस्याच्या संदेशासाठी ॲडमिनला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येत नाही.

शिक्षकाच्या बाजूनेही हा विषय पाहायला हवा, तो आपल्या चर्चेत फार कमी येतो. पूर्वी पालकाला बाईंशी बोलायचे तर शाळेत यावे लागे, शिपायामार्फत निरोप द्यावा लागे, मधल्या सुट्टीची वाट पाहावी लागे. त्या वाट पाहण्यात राग थोडा निवत असे. आता रात्री साडेदहाला 'माझ्या मुलाला पुढच्या बाकावर का नाही बसवले' हा मेसेज थेट बाईंच्या उशाशी येतो, आणि निळी खूण दिसूनही उत्तर आले नाही तर सकाळी दुसरा. दक्षिण कोरियात जुलै 2023 मध्ये सेऊलच्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेने शाळेतच जीवन संपवले. पालकांच्या तक्रारींचा ताण शिक्षकांना किती सोसावा लागतो यावर तेव्हा देश ढवळून निघाला, हजारो शिक्षक काळे कपडे घालून शनिवारमागून शनिवार रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरमध्ये शिक्षकांच्या हक्कांसाठी चार कायद्यांत बदल करावे लागले. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी 2025 मध्ये जाहीर केले, की शाळांच्या डिजिटल फलकांवर रात्री आठ ते सकाळी सात काही नवे टाकायचे नाही. गुण रात्री अकराला कळले काय आणि सकाळी कळले काय, पण झोप फक्त रात्रीचीच असते.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा फोन तर पालक, केंद्र, तालुका, जिल्हा आणि एकेका उपक्रमाचा असा चहूबाजूंनी वाजतो. आजच्या आज फोटो अपलोड करा, आजच्या आज माहिती भरा. त्या गर्दीत मुलाचा मेसेज खाली, फार खाली जातो. जुलै 2025 मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराबद्दल परिपत्रक काढले, त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा असे सांगितले आहे. चांगले आहे. पण मग कार्यालयीन संपर्कासाठी शाळेला वेगळा फोन आणि वेगळा नंबर द्यायला हवा. शिक्षकाच्या स्वतःच्या सिमकार्डावर सरकार चालवायचे आणि खाती मात्र वेगळी ठेवायला सांगायचे, हे जमणारे नाही.

आता फॉलो करण्याबद्दल. 2007 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 133 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका शिक्षिकेची फेसबुकवरची पाने दाखवली, काहींना भरपूर खासगी माहिती असलेली, काहींना मध्यम, काहींना अगदी कोरडी. ज्यांनी भरपूर माहिती पाहिली त्यांना तिच्या वर्गात शिकायला आवडेल, तिथले वातावरण चांगले असेल असे जास्त वाटले. हा अभ्यास जोडणीच्या समर्थनार्थ खूप ठिकाणी सांगितला जातो. त्याने मोजले ते पहिल्या भेटीआधीचे मत, तेही सज्ञान विद्यार्थ्यांचे. वर्षभर एकत्र काढल्यावर काय होते, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत काय होते, याबद्दल त्यातून काही कळत नाही. बाईंनाही घर आहे, मांजर आहे, त्याही पुरणपोळी करताना हात पोळून घेतात, हे कळले की मुलांना बाई जवळच्या वाटतात हे खरेच. पण ते वर्गात सांगता येते. मांजराची गोष्ट फळ्यासमोर उभे राहून सांगितली तर सगळा वर्ग एकदम हसतो.

फॉलो केल्याने काय उघडते ते बघा. इन्स्टाग्रामने 2024 मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली, आपल्याकडे ती 2025 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्यांत मूल ज्यांना फॉलो करते किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेले आहे, त्यांनाच त्याला मेसेज करता येतो. म्हणजे विद्यार्थ्याने सरांना फॉलो केले की सरांसाठी ते दार आपोआप उघडते. सर सज्जन असतील, बहुतेक असतातच. पण ज्या एका माणसासाठी ती भिंत बांधली, तो माणूसही याच दाराने येतो. दुसऱ्या बाजूने, शिक्षिकेचे खाते विद्यार्थ्यांपुढे उघडले की तिचे फोटो, तिच्या मैत्रिणी, तिची सुट्टी हे सगळे स्क्रीनशॉटच्या हवाली होते. कोलकात्यातल्या एका विद्यापीठातले प्रकरण 2022 मध्ये गाजले. पहिल्या वर्षाचा मुलगा प्राध्यापिकेचे पोहण्याच्या पोशाखातले इन्स्टाग्रामवरचे फोटो बघताना वडिलांना दिसला, त्यांनी तक्रार केली आणि तिला नोकरी सोडावी लागली. खाते खासगी होते, फोटो नोकरीआधीचे होते, असे तिचे म्हणणे होते. तिने काही गैर केले होते असे मला अजिबात वाटत नाही. अशा वेळी नोकरी बाईंचीच जाते. म्हणून दहावी-बारावीपर्यंतच्या मुलांच्या रिक्वेस्ट न स्वीकारणे हे मुलाच्या आधी बाईंचे रक्षण आहे. नाकारताना मात्र मुलाला कारण सांगावे. 'तू वाईट आहेस म्हणून नाही, मी कोणाचीच घेत नाही, शाळा संपली की जरूर पाठव' एवढे वाक्य पुरते. आणि शाळा संपल्यावर खरोखर घ्यावी. तीस वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बाई 'सगळे जण जेवलात का रे' असे विचारतात आणि पन्नाशीतली माणसे 'हो बाई' म्हणून उत्तर देतात, त्या नात्यावर कोणत्या नियमाची गरज नाही.

महाविद्यालयाचे गणित वेगळे. तिथे दोघेही सज्ञान असतात, पण गुण, उपस्थिती, शिफारसपत्र, प्रबंध हे एकाच्याच हातात असते. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला मार्गदर्शकाचा रात्रीचा मेसेज 'नको' म्हणून टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे लैंगिक छळविरोधी नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत, हे प्रत्येक विभागाच्या फलकावर लिहिलेले असावे.

एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही, ती म्हणजे रील. शिक्षकांनी वर्गातल्या मुलांचे चेहरे, नावे, कधी चुका, कधी रडणे स्वतःच्या खात्यावर टाकणे थांबवावे. पहिलीतल्या मुलाने 'ळ' उलटा काढला, बाई हसल्या, लाखांनी ते पाहिले. तो मुलगा उद्या आठवीत जाईल, तेव्हाही ते तिथेच असेल. त्याला कोणी विचारले नाही, त्याच्या आईने जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जावर सही केली होती एवढेच. वर्ग हे मुलांची चूक सुरक्षित असण्याचे ठिकाण आहे. उत्तम शिकवणे जगाला दाखवायचे असेल तर फळा दाखवा, वही दाखवा, हात दाखवा.

राहिला तो एकाने एकाला केलेला मेसेज. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा, पण त्याच्या 11 व्या कलमात इलेक्ट्रॉनिक, डिजिटल किंवा अन्य मार्गाने मुलाशी लैंगिक हेतूने वारंवार संपर्क साधणे हा छळ आहे, असे तेव्हाच लिहिले आहे. शाळेतल्या माणसाने मुलावर लैंगिक हल्ला केला तर तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. 19 व्या कलमाप्रमाणे गुन्हा कळला की कळवावाच लागतो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर 21 व्या कलमात वर्षापर्यंत कैद आहे. कायदा पुरेसा आहे. तो लागू व्हायचा तर कोणाला तरी काही दिसायला हवे. अशी प्रकरणे बहुधा हळूहळू वाढतात: आधी गृहपाठ, मग 'तू इतरांपेक्षा समजूतदार आहेस', मग 'हे आपल्यातच ठेव'. शेवटच्या वाक्यापर्यंत पोचण्याआधी ते बोलणे एखाद्या दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जायला हवे. म्हणून शाळकरी वयाच्या मुलाशी शिक्षकाने स्वतः होऊन खासगी मेसेज सुरू करू नये, करायचाच झाला तर पालक किंवा दुसरे शिक्षक त्यात असावेत, मेसेज पुसू नयेत. ऊसतोडीच्या फडावरच्या मुलालाही हा नियम अडवत नाही. त्याचा नंबर बापाचाच असतो आणि दुसरा नंबर मुख्याध्यापकांचा जोडायला काही लागत नाही.

आणि तरी मूल स्वतः होऊन लिहितेच. भावाच्या नजरेआड, मामेबहिणीच्या फोनवरून, रात्री पावणेबाराला. 'मॅडम जाग्या आहात का. कोणाला सांगू नका.' पुढच्या ओळीत कदाचित 'माझं लग्न ठरवलंय' असते, कदाचित 'मला घरी नको वाटतं', कदाचित काहीच नसते. नियमपुस्तिका इथे अपुऱ्या पडतात. बंदी म्हणते, उत्तर देऊ नका. मला वाटते, ज्या शिक्षिकेने उत्तर दिले नाही तिला ती निळी खूण आयुष्यभर दिसत राहील. त्या मुलीने आपल्या ओळखीची सगळी माणसे मनात चाळून, एका शिक्षिकेवर बोट ठेवले आहे. तिथे दार उघडायलाच हवे. मात्र 'कोणाला सांगू नका' या अटीवर नाही, कारण ते वचन कायद्याने देता येत नाही आणि प्रेमानेही देऊ नये. मुलीला हे आधी, त्याच मिनिटाला, साध्या शब्दांत कळले पाहिजे. नंतर कळले तर तो विश्वासघात वाटतो.

माझ्या ओळखीच्या एका जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने यासाठी चार ओळी फोनमध्ये लिहून ठेवल्या आहेत, म्हणजे झोपेतून उठल्यावर शब्द शोधावे लागू नयेत. तिच्या परवानगीने देते: 'मी वाचलं. तू मला सांगितलंस हे बरं केलंस. आत्ता तू सुरक्षित आहेस का? नसशील तर चाइल्डलाइनच्या 1098 ला फोन कर, मी पण करते. मी हे एकटी ठेवणार नाही, पण ज्यांना सांगेन ते तुझ्या बाजूचे असतील आणि आधी तुला विचारेन की घरी कोणाला कळलेलं चालेल. उद्या मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये, दार उघडं असेल, मोठ्या बाई पण असतील.'